थॉमस जेफरसन यांचा वाइन-व्यासंग

थॉमस जेफरसन (जन्म : १३ एप्रिल १७४३, शॅडवेल, व्हर्जिनिया, मृत्यू : ४ जुलै १८२६, माँटिसेलो, व्हर्जिनिया) हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे प्रमुख लेखक आणि त्या देशाचे तिसरे राष्ट्राध्यक्ष (१८०१–१८०९) होते. वकील, मुत्सद्दी, वास्तुरचनाकार व शेतीचे अभ्यासक म्हणून ते ओळखले जातातच. पण फ्रेंच वाइनचे, विशेषतः बोर्दो व बरगंडी प्रांतांतील लाल वाइनचे, अमेरिकेतील पहिले मोठे जाणकार म्हणूनही त्यांचे नाव घेतले जाते. फ्रान्समध्ये असताना त्यांनी केलेल्या प्रवासांची टिपणे, मळेवाल्यांशी व व्यापाऱ्यांशी झालेला पत्रव्यवहार आणि आयुष्यभर ठेवलेल्या खर्चाच्या वह्या उपलब्ध असल्याने त्यांच्या आवडीनिवडीचा इतिहास जवळजवळ वर्षवार सांगता येतो. अठराव्या शतकातील फ्रेंच द्राक्षमळ्यांची स्थिती जाणून घेण्यासाठी इतिहासकार आजही ही टिपणे वापरतात.

पूर्वायुष्य

जेफरसन यांचे वडील पीटर जेफरसन हे भूमापक व जमीनदार होते. १७६० ते १७६२ या काळात विल्यम्सबर्ग येथील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात शिकत असताना गणिताचे प्राध्यापक विल्यम स्मॉल आणि कायदेपंडित जॉर्ज विथ यांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. या दोघांच्या ओळखीमुळे वसाहतीचे नायब गव्हर्नर फ्रान्सिस फॉकिये यांच्या भोजनाच्या बैठकीत त्यांना प्रवेश मिळाला. संगीत, विज्ञान, तत्त्वचर्चा आणि उत्तम पेय एकाच मेजावर एकत्र येऊ शकतात, हा अनुभव त्यांनी तेथे प्रथम घेतला आणि पुढे स्वतःच्या घरी तोच कित्ता गिरवला.

त्या काळी व्हर्जिनियातील सुखवस्तू घरांत मदेइरा व पोर्ट या पोर्तुगीज वाइन पीत. याचे कारण चवीपेक्षा जकातीत अधिक होते. १७०३ च्या मेथ्यूएन करारानुसार इंग्लंडने पोर्तुगीज वाइनला सवलत दिली होती आणि शत्रुराष्ट्र फ्रान्सच्या वाइनवर जबर कर बसवला होता. वसाहतींतील पिणाऱ्यांची जीभ त्यामुळे गोडसर व मद्यार्क मिसळून कडक केलेल्या वाइनला सरावली होती. जेफरसन यांचे सुरुवातीचे तळघरही मुख्यतः अशाच वाइनचे होते. एका माणसाची रुची पुढे किती बदलली, हे मोजण्यासाठी ही पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागते.

१७७३ मध्ये फिलिप मात्सेई हे इटलीच्या तोस्काना भागातील गृहस्थ द्राक्षाची कलमे व कसबी माळी घेऊन व्हर्जिनियात आले. जेफरसन यांनी त्यांना माँटिसेलोलगतची जमीन देऊन तेथेच स्थायिक केले, आणि वाइन, तेल व रेशीम तयार करण्याच्या त्यांच्या कंपनीत स्वतः भागीदारी घेतली. १७७४ च्या मे महिन्यातील अवेळी थंडीने कोवळ्या वेली करपल्या. पाठोपाठ स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले. मात्सेई मोहिमांवर निघून गेल्यावर त्यांचे घर एका युद्धकैदी जर्मन सेनापतीला भाड्याने देण्यात आले आणि त्याच्या घोड्यांनी उरलासुरला मळा आठवडाभरात तुडवला, अशी नोंद जेफरसन यांनी पुढे एका पत्रात केली आहे.

१ जानेवारी १७७२ रोजी मार्था वेल्स स्केल्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ६ सप्टेंबर १७८२ रोजी त्यांचे निधन झाले. या आघातानंतर जेफरसन यांनी परदेशातील कामगिरी स्वीकारली.

पॅरिसमधील वास्तव्य

थोरली मुलगी मार्था हिच्यासह जेफरसन ६ ऑगस्ट १७८४ रोजी पॅरिसला पोहोचले. पुढील वर्षी बेंजामिन फ्रँकलिन मायदेशी परतल्यावर फ्रान्समधील अमेरिकेचे राजदूतपद त्यांच्याकडे आले. फ्रँकलिन यांच्या तळघरात हजारावर बाटल्या होत्या. पॅरिसच्या मुत्सद्दी वर्तुळात यजमानाची पत त्याच्या मेजावरून ठरत असे. ऑक्टोबर १७८५ पासून जेफरसन शाँझेलिझे मार्गावरील ओतेल द लांझाक या वाड्यात राहू लागले.

या वाड्यातील स्वयंपाकघर जेम्स हेमिंग्ज यांच्या हाती होते. हेमिंग्ज हे जेफरसन यांच्या मालकीचे गुलाम. फ्रेंच पाककला शिकवण्याच्या हेतूनेच त्यांना व्हर्जिनियाहून आणले गेले होते. पॅरिसमधील नामांकित आचाऱ्यांकडे उमेदवारी करून १७८७ मध्ये ते या घराचे मुख्य आचारी झाले. त्यांना दरमहा वेतन मिळत असे. फ्रान्सच्या भूमीवर न्यायालयात अर्ज करून गुलामाला मुक्तता मिळवता येई. तरी हेमिंग्ज १७८९ मध्ये जेफरसन यांच्याबरोबर अमेरिकेला परतले. आपल्या जागी दुसरा आचारी तयार करून देण्याच्या अटीवर १७९३ मध्ये त्यांना मुक्तीचे लेखी वचन मिळाले. त्यांनी भाऊ पीटर याला शिकवले आणि १७९६ मध्ये ते मुक्त झाले. १८०१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. जेफरसन यांच्या मेजाची जी ख्याती झाली, तिच्यातील निम्मा वाटा तरी या माणसाचा होता. वाइनवरील लोकप्रिय लेखनात मात्र त्यांचा उल्लेख बहुधा येत नाही.

१७८७ चा प्रवास

सप्टेंबर १७८६ मध्ये पडल्यामुळे जेफरसन यांचे उजवे मनगट मोडले. हाड नीट बसले नाही. त्यांना डाव्या हाताने लिहिण्याची सवय करावी लागली. दक्षिणेतील एक्स-आँ-प्रोव्हाँस येथील औषधी पाण्याच्या झऱ्यांचा उपचार वैद्यांनी सुचवला. २८ फेब्रुवारी १७८७ रोजी ते पॅरिसहून निघाले व १० जून रोजी परतले. मनगटाला झऱ्यांचा काहीच गुण आला नाही. अमेरिकन मालाला बाजारपेठ शोधणे, बंदरे पाहणे, इटलीतील भातशेतीचा अभ्यास करणे ही कामे प्रवासात होतीच. परंतु त्यांनी निवडलेला मार्ग पाहता फ्रान्समधील प्रमुख द्राक्षप्रदेश नजरेखालून घालण्याचा बेत सुरुवातीपासूनच असावा, असे दिसते.

नेहमीचे नोकरचाकर त्यांनी बरोबर घेतले नाहीत. वाटेत दिजाँ येथे एक सेवक ठेवून घेतला. मोठ्या लोकांच्या भेटीगाठी टाळून ते माळ्यांशी, पिंपे बनवणाऱ्यांशी, मजुरांशी बोलत. शेतकऱ्याच्या झोपडीत शिरावे, चुलीवरच्या भांड्यात काय शिजते ते पाहावे, त्याची भाकर खाऊन पाहावी, असा सल्ला त्यांनी याच प्रवासातून मित्र लाफाएत यांना पत्राने दिला होता.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ते बरगंडीत होते. दिजाँपासून दक्षिणेकडे जाणाऱ्या टेकड्यांच्या उतारावर वेली आणि खालच्या सपाटीवर धान्य, अशी तेथील मांडणी त्यांनी टिपली. शाम्बर्तँ, व्हूजो व व्होन या गावांची लाल वाइन सर्वांत जोरकस, असे त्यांनी नोंदवले. व्होलने गावची लाल वाइन अधिक हलकी. चवीत ती शाम्बर्तँच्या बरोबरीने मोजली जाई, पण किंमत सुमारे पाव. हा हिशेब त्यांना चांगलाच पटला, आणि पॅरिसमधील रोजच्या जेवणासाठी त्यांनी व्होलने निवडली. श्वेत वाइनमध्ये माँत्राशे व म्यूर्सो त्यांना आवडल्या. बोन येथील पिंपे बनवणारे कारागीर एतिएन पाराँ यांच्याशी त्यांची गाठ याच वेळी पडली. पाराँ यांनी त्यांना मळे दाखवले आणि पुढे अनेक वर्षे ते जेफरसन यांच्यासाठी बरगंडीची खरेदी करीत राहिले.

या टिपणांतील सर्वांत बोलकी नोंद चवीविषयीची नाही. पोमार व व्होलने येथील मजूर गव्हाची चांगली भाकर खातात, तर शेजारच्याच म्यूर्सोचे मजूर राय नावाच्या हलक्या धान्याची भाकर खातात, हे जेफरसन यांच्या लक्षात आले. त्यांनी कारण विचारले. पोमार व व्होलने लाल वाइन करतात, तिला गिऱ्हाईक हमखास मिळते. म्यूर्सोची वाइन श्वेत, तिला भाव कमी मिळतो, असे उत्तर आले. त्या काळात काही थोड्या श्वेत वाइनचा अपवाद सोडला तर बरगंडीत पैसा लाल वाइनमध्येच होता. पेल्यातील रंगावरून मजुराच्या ताटातील धान्य ठरते, ही बाब चव घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी नोंदवली असेल.

पुढे बोजोले, लियाँ व कोत-रोती ओलांडून ते रोन नदीकाठी तँ या गावी पोहोचले. तेथील एर्मिताज टेकडीची लाल वाइन मोठ्या प्रमाणात बोर्दोला पाठवली जाई, आणि तेथील हलक्या वाइनमध्ये तिची भर घालून ती इंग्रजी बाजाराला मानवेल अशी गडद केली जाई. जेफरसन यांची स्वतःची पसंती एर्मिताजच्या श्वेत वाइनला होती. या टेकडीवरील लाल द्राक्षाचे वाण सिरा होय; नाशिक जिल्ह्यात ते शिराझ या नावाने लावले जाते.

नीम येथील रोमन मंदिर पाहून, आल्प्स ओलांडून ते उत्तर इटलीत गेले. तुरीन येथे त्यांनी नेब्बियोलो द्राक्षाची वाइन चाखली. पिएमाँते भागातील भाताचे बी देशाबाहेर नेण्यास मृत्युदंड होता. जेफरसन यांनी ते कोटाच्या खिशांत भरून आणले. परतताना फ्रोंतिन्याँ येथील गोड मस्काचे मळे पाहून ते लांगदोक कालव्याने निघाले. बग्गीची चाके काढून ती होडीवर चढवली गेली आणि काचेच्या खिडक्यांतून दोन्ही काठ पाहत त्यांनी हा टप्पा पार केला.

बोर्दो

२४ मे १७८७ रोजी ते बोर्दोला आले. येथील मुक्काम जेमतेम पाच दिवसांचा होता, पण त्यातून निघालेली टिपणे सर्वाधिक गाजली. पहिल्या प्रतीचे म्हणून त्यांनी चार मळे नोंदवले : शातो मार्गो, ला तूर द सेग्यूर (आजचा शातो लातूर, मराठवाड्यातील लातूरशी त्याचा उच्चारसाम्यापलीकडे संबंध नाही), ओ-ब्रियाँ आणि लाफीत. प्रत्येकाचे वार्षिक उत्पादनही त्यांनी लिहून ठेवले : मार्गो १५० तोनो, लातूर १२५, ओ-ब्रियाँ ७५ व लाफीत १७५. एका तोनोत साधारण हजार बाटल्या भरत. पहिल्या तिन्ही मळ्यांची वाइन चार वर्षे मुरल्याशिवाय पिण्याजोगी होत नाही. लाफीत जराशी हलकी असल्याने तिला तीन वर्षे पुरतात, अशी त्यांची नोंद आहे. दुसऱ्या प्रतीत रोझाँ, लेओव्हिल, ग्रुओ-लारोझ, किर्वान व द्युर्फोर यांची, तर तिसऱ्या प्रतीत मूताँसह आणखी काही मळ्यांची नावे येतात.

१८५५ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी बोर्दोच्या लाल वाइनची जी अधिकृत प्रतवारी झाली, तिच्यात प्रथम श्रेणीत नेमके हेच चार मळे होते. त्यांत पाचव्याची, मूताँची, भर पडली ती थेट १९७३ मध्ये. यावरून जेफरसन यांनी अडुसष्ट वर्षे आधी आपल्या जिभेच्या बळावर प्रतवारीचे भाकीत केले, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. बोर्दोचे दलाल अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापासूनच भावानुसार मळ्यांची उतरंड लावीत आले होते आणि जेफरसन यांनी तीच स्थानिक माहिती उतरवून घेतली. पाच दिवसांत इतक्या मळ्यांची वाइन चाखून प्रत लावणे कोणालाही शक्य नव्हते. त्यांचे श्रेय दुसरे आहे : बाजारात कानोकानी चालणारी ही माहिती त्यांनी नावे, मालक, उत्पादन व मुरण्याचा काळ यांसह नेटकेपणाने कागदावर आणली.

ओ-ब्रियाँच्या मळ्याला मात्र त्यांनी प्रत्यक्ष भेट दिली. तेथील जमीन रेताड, तिच्यात जवळजवळ रेतीइतकीच वाटोळी खडी आणि माती अगदी थोडी, असे वर्णन त्यांनी केले आहे. जमिनीच्या पोतावर वाइनचा गुण अवलंबून असतो, ही कल्पना मळेवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. परदेशी गिऱ्हाईक मात्र सहसा बाटलीच्या पलीकडे पाहत नसे. बोर्दोहून त्यांनी व्हर्जिनियातील मेहुणे फ्रान्सिस एप्स यांना ओ-ब्रियाँच्या बाटल्या धाडल्या. हंगामांमध्ये १७८४ चा हंगाम त्यांनी सर्वांत वरचा मानला.

खरेदीची पद्धत

बोर्दोत त्यांना एक गोष्ट उमगली. पिंपातून आलेल्या वाइनची ओळख पटवण्याचा मार्ग नव्हता. व्यापारी निरनिराळ्या मळ्यांची वाइन एकत्र करीत, दक्षिणेकडील वा स्पेनमधील गडद वाइन तिच्यात ओतीत, आणि प्रवासात नावाडी पिंपाला भोक पाडून आपला वाटा काढून पाण्याने भरपाई करीत. यावर जेफरसन यांचा उपाय सोपा पण खर्चिक होता : मालकाला थेट पत्र लिहायचे, वाइन मळ्यावरच बाटल्यांत भरून बूच मारून घ्यायची आणि खोक्यांवर खूण करून पाठवायला सांगायचे. लाफीतच्या व सोतेर्नमधील इकेमच्या मालकांना त्यांनी अशी पत्रे लिहिली. बोर्दोतील अमेरिकन प्रतिनिधी जॉन बाँडफील्ड या कामी मध्यस्थ असत. मळ्यावरच बाटल्या भरण्याची प्रथा बोर्दोत सर्वत्र रूढ व्हायला विसावे शतक उजाडावे लागले.

१७८८ च्या वसंत ऋतूत हॉलंड व ऱ्हाइन नदीकाठचा प्रवास करून ते शँपेन प्रांतात गेले. फसफसणाऱ्या शँपेनपेक्षा न फसफसणारी त्यांना अधिक रुचली. त्या काळच्या इंग्रज व अमेरिकन गिऱ्हाइकांच्या हौसेच्या अगदी उलट ही पसंती होती.

चवीची परिभाषा

आजच्या चवपंडितांप्रमाणे फळाफुलांच्या उपमांची आरास जेफरसन यांच्या लेखनात सापडत नाही. वाइनच्या चवीसाठी भाषेत नेमके शब्द नाहीत, ही त्यांची जुनी तक्रार होती. १८१९ मध्ये मार्सेय येथील व्यापारी स्टीफन कातालाँ यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वतःपुरती एक परिभाषा ठरवून दिली. गोड, आंबट, कोरडी व तुरट असे चार मुख्य वर्ग. प्रत्येकासाठी दोघांच्याही परिचयातील वाइनचे उदाहरण. मदेइरात किंचित गोडवा मिसळल्यावर जिभेला जी मऊ चव लागते, तिला त्यांनी रेशमी असे नाव दिले. किंचित तुरटपणा त्यांना दोष वाटत नसे; उलट जेवणाबरोबर घेण्याच्या लाल वाइनमध्ये तो असावा, असे ते सांगत. समुद्रापलीकडच्या दुकानदाराला आपली मागणी चुकीची समजू नये, एवढ्यासाठी ही खटपट होती. म्हणून ती काव्यमय नाही, पण कामाची आहे.

राष्ट्राध्यक्षपदाचा काळ

१७८९ च्या अखेरीस जेफरसन मायदेशी परतले आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री झाले. १७९० मध्ये त्यांनी वॉशिंग्टन यांच्यासाठी व स्वतःसाठी फ्रान्समधून एकत्र वाइन मागवली. तीत शँपेन, सोतेर्न, लातूर व फ्रोंतिन्याँ होत्या. खोक्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून त्यांवर दोघांची आद्याक्षरे घालण्याची सूचना होती. या साध्या व्यवहारी सूचनेने दोनशे वर्षांनी मोठा घोटाळा घडवला. त्याची हकीकत पुढे येते.

१८०१ ते १८०९ या आठ वर्षांत त्यांनी वाइनवर दहा हजार डॉलरांहून अधिक खर्च केला. राष्ट्राध्यक्षांचे वार्षिक वेतन तेव्हा २५,००० डॉलर होते आणि भोजनांचा खर्च त्यातूनच भागवावा लागे. स्वयंपाक ओनोरे ज्युलियाँ या फ्रेंच आचाऱ्याकडे, तर घरव्यवस्था एतिएन लमेर यांच्याकडे होती. पाहुणे बहुधा डझनभर. बसण्याचा मानपानाचा क्रम नाही. जेवताना कोणाच्या नावे पेला उंचावण्याची प्रथा नाही. मुख्य जेवण आटोपून मेजावरचा कपडा काढल्यावर वाइन येई आणि गप्पा रंगत. १८०३ मध्ये ब्रिटनचे राजदूत अँथनी मेरी यांना मानाचा क्रम न पाळणे हा अपमान वाटला व त्याचे राजनैतिक पडसाद उमटले. शँपेनची एक बाटली सरासरी तीन पाहुण्यांना जरा जास्तच पुरते, असा हिशेबही जेफरसन यांनी वर्षभराच्या आकड्यांवरून मांडून ठेवला होता.

वाइनवरील आयातकर कमी असावा, या मताचा त्यांनी सतत पाठपुरावा केला. जेथे वाइन स्वस्त असते तेथे दारूबाजी कमी असते आणि महाग वाइनमुळे गरीब माणूस व्हिस्कीकडे वळतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. स्वतः ते व्हिस्की व इतर कडक मद्ये घेत नसत. जेवणानंतर वाइनचे तीन-चार पेले हा त्यांचा नित्यक्रम होता. युक्तिवादात तथ्य किती, हा वेगळा प्रश्न. युरोपात स्वस्त वाइनच्या प्रदेशांतही व्यसनाधीनता होतीच, आणि स्वतःच्या आवडीच्या वस्तूवरील कर उतरवण्याला सार्वजनिक नीतीचे बळ मिळणे जेफरसन यांना सोयीचेही होते.

१८१७ मध्ये जेम्स मन्रो यांनी राष्ट्राध्यक्षपदाची सूत्रे हाती घेतली, तेव्हा जेफरसन यांनी पत्रात अभिनंदनाचा विषय थोडक्यात आटोपला आणि सरकारी निवासात कोणकोणती वाइन ठेवावी याचेच सविस्तर मार्गदर्शन केले.

माँटिसेलो : तळघर आणि मळा

माँटिसेलो येथील घराचा आराखडा जेफरसन यांनी स्वतः काढला होता. भोजनगृहाच्या बरोबर खाली वाइनचे तळघर असून, शेकोटीच्या दोन्ही बाजूंस भिंतीत लपवलेले लहान पाळणे आहेत. खालचा सेवक भरलेली बाटली वर पाठवी आणि रिकामी खाली घेई. पाहुण्यांना फक्त यजमानाचा हात भिंतीतील कप्प्यात गेलेला दिसे. तळघराच्या किल्ल्या बर्वेल कोल्बर्ट या गुलाम कारभाऱ्याकडे असत. जेफरसन यांनी मृत्युपत्रात ज्या मोजक्या गुलामांना मुक्त केले, त्यांत कोल्बर्ट होते.

स्वतःच्या द्राक्षांची वाइन करण्याचे त्यांचे स्वप्न मात्र साधले नाही. १८०७ मध्ये त्यांनी युरोपातील चोवीस वाणांच्या २८७ वेली लावल्या. त्याआधी व त्यानंतरही प्रयत्न झाले. पण माँटिसेलोच्या द्राक्षांची वाइन पिंपात उतरल्याचा पुरावा नाही. कारण त्यांना कळणे शक्यच नव्हते. अमेरिकेच्या मातीत फिलॉक्सेरा ही अतिसूक्ष्म कीड मुळांना लागे, दमट उन्हाळ्यात काळ्या कुजव्याचा रोग फळांना लागे. देशी रानवेली दोन्हींना तोंड देत, युरोपीय वेली देत नसत. उतारवयात त्यांनी देशी वाणांकडे लक्ष वळवले आणि नॉर्थ कॅरोलायनातील स्कपरनाँग द्राक्षाच्या वाइनची प्रशंसा केली. पुढे हीच कीड अमेरिकन वेलींबरोबर युरोपात पोहोचली आणि १८६० च्या दशकापासून तिने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले. बोर्दो व बरगंडी वाचले ते अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलींची कलमे बांधूनच.

महाराष्ट्रातील बागायतदारांना हा उपाय परका नाही. नाशिक व सांगली भागांत द्राक्षाचे कलम डॉगरिज या मूळच्या अमेरिकन खुंटावर बांधतात. विदर्भात नागपुरी संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरतात. हे संत्रे अठराव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी औरंगाबादेहून नागपुरात आणले, अशी परंपरागत समजूत आहे. म्हणजे नागपूरच्या महालातील हे राजे आणि जेफरसन समकालीन. परक्या भूमीतले फळ आपल्या मातीत रुजवण्याची हौस दोघांनाही होती म्हणायची, फक्त जेफरसन यांच्या वेली रुजल्या नाहीत.

कर्ज व अखेरची वर्षे

जेफरसन आयुष्यभर कर्जात होते. सासऱ्यांकडून आलेले कर्ज, शेतीमालाच्या भावातील घसरण, मित्रासाठी दिलेली मोठ्या रकमेची हमी आणि न आवरलेली राहणी ही त्याची कारणे. १८१५ मध्ये त्यांनी आपला ६,४८७ ग्रंथांचा संग्रह २३,९५० डॉलरांना अमेरिकन काँग्रेसला विकला. आजच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा तो पाया ठरला. युद्धामुळे थांबलेली आयात खुली होताच त्याच वर्षी त्यांनी कातालाँ यांच्याकडे वाइनची नवी मागणी नोंदवली.

ऐपत घटली तशी निवड बदलली. लाफीत व मार्गो यादीतून गेल्या. त्यांच्या जागी दक्षिण फ्रान्समधील लेदनाँ, रूसियाँ व लिमू, नीसजवळची बेले, आणि बर्गास नावाच्या व्यापाऱ्याने मार्सेय येथे बोर्दोच्या धर्तीवर तयार केलेली स्वस्त लाल वाइन येऊ लागली. तोस्कानाची माँतेपुल्चानोही ते मागवीत. नावाजलेल्या मळ्यांवाचून त्यांचे अडले नाही. उलट उत्तम परंतु अप्रसिद्ध वाइन शोधून काढण्याची त्यांची हातोटी याच काळात विशेष दिसते, आणि जाणकार म्हणून त्यांची खरी कसोटी बोर्दोच्या पाच दिवसांपेक्षा या वर्षांत लागली, असे म्हणता येईल.

४ जुलै १८२६ रोजी, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या पन्नासाव्या वर्धापनदिनी, त्यांचे निधन झाले. त्याच दिवशी त्यांचे सहकारी व प्रतिस्पर्धी जॉन अ‍ॅडम्स यांचाही मृत्यू झाला. जेफरसन यांच्यावरील कर्ज एक लाख डॉलरांहून अधिक होते. जानेवारी १८२७ मध्ये माँटिसेलोवर लिलाव झाला. सामानसुमान व गुरांबरोबर १३० गुलाम स्त्री-पुरुष व मुले विक्रीस काढण्यात आली आणि अनेक कुटुंबांची ताटातूट झाली.

जेफरसन बाटल्यांचे प्रकरण

५ डिसेंबर १९८५ रोजी लंडनमधील लिलावात लाफीतची एक बाटली १,०५,००० पौंडांना विकली गेली. एका बाटलीला मिळालेली ती तोवरची सर्वाधिक किंमत होती. बाटलीच्या काचेवर १७८७ हे साल व जेफरसन यांची आद्याक्षरे कोरलेली होती. पॅरिसमधील एका जुन्या तळघरात अशा बाटल्यांचा साठा सापडल्याचे एका जर्मन संग्राहकाचे म्हणणे होते. माँटिसेलोच्या अभ्यासकांनी तेव्हाच शंका घेतली : जेफरसन यांच्या काटेकोर नोंदींमध्ये या खरेदीचा मागमूस नव्हता, आणि आद्याक्षरांची सूचना होती ती खोक्यांसाठी. पुढे अशाच चार बाटल्या घेतलेल्या एका अमेरिकन उद्योगपतीने तपास करवला. काचेवरील अक्षरे आधुनिक विद्युत उपकरणाने कोरलेली आहेत, असा निष्कर्ष त्याच्या तज्ज्ञांनी काढला आणि २००६ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले. खर्चाच्या वह्यांतील एक न सापडलेली नोंद लाखमोलाच्या बाटलीला भारी पडली.

माँटिसेलो येथील दोन्ही द्राक्षमळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मूळ आराखड्यानुसार पुन्हा लावण्यात आले. जेफरसन यांच्या यादीतील युरोपीय वाणांची कलमे तेथे अमेरिकन खुंटांवर बांधलेली असून, त्यांच्या द्राक्षांपासून आता वाइन तयार होते.